बाटल्या आडव्या ठेवा

मालवण, २० जुलै २०२४

ज्युड,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तरीही पत्र न फाडता इथवर वाचलंस, म्हणजे अर्धं काम झालं.

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली मी नव्हे. काम आहे म्हणून लिहिते आहे. काम नसतं तर लिहिलं नसतं, जसं आई गेल्यापासून लिहिलं नाही. तू तिच्या मातीला आला नाहीस. तुझे कागद अडकले होते, बाहेर पडलास तर पोर्तुगालवाले परत घेणार नाहीत, असं काहीतरी तू म्हणाला होतास. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. मी चार शब्द बोलले, तू फोन आपटलास, नंबर बदललास. आता पत्ता फादरांकडून मिळाला. त्यांना म्हणे तुझं नाताळचं कार्ड येतं. फादरांना येतं, सख्ख्या बहिणीला येत नाही. असो.

तर काम असं. मी शाळेतून निवृत्त झाले आणि माझ्या नवऱ्याने, म्हणजे तुझ्या कुन्यादाने, लाँचची इंजिनं दुरुस्त करणं सोडलं. मॅन्युएलला स्वस्थ बसवत नाही हे तुला माहीत आहेच. त्याने घराशेजारी तीन खोल्या बांधल्या, पुढे जेवणासाठी पडवी काढली. तारकर्लीला जाणारे पर्यटक आमच्या दारावरूनच जातात. लवू खोल्यांचं आणि माडांचं बघतो, त्याची बायको यशोदा चुलीशी असते. तिच्या हातचं तिसऱ्यांचं एकशिपी खाऊन पुण्याची माणसं गप्प होतात, यावरून काय ते समज.

पण जेवायला बसली की विचारतात, पांढरी वाईन आहे का? मॅन्युएलने रीतसर परवाना काढला. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याकडे पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरच्या वाईन येतात. त्याने नावं पाठवली ती मागे उतरवली आहेत. मला त्यातलं एकही नाव नीट वाचता येत नाही. आमच्या घरात वाईन म्हणजे चर्चमधली मिस्साची, नाहीतर नाताळात मी करते ती जांभळाची. फादर म्हणाले की तू त्याच किनाऱ्यावर वाईनच्या दुकानात आहेस आणि हंगामात द्राक्षांच्या मळ्यावरही जातोस. मॅन्युएल म्हणाला, "ज्युडाक इचार गो. घरचो माणूस आसताना भायल्याक कित्याक इचारूचा?"

म्हणून विचारते. मासळीबरोबर जाईल, गिऱ्हाइकाला परवडेल आणि तरीही पाहुण्यासमोर ठेवायला लाज वाटणार नाही, अशी कुठली? ते सांग. बाकी काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

खाली माझा फोन नंबर देते. करायची सक्ती नाही. आणि केलास तरी पहिल्या वेळी मी उचलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. इतकी वर्षं मी थांबले, तूही जरा थांब. दुसऱ्यांदा केलास तर बघू.

जेसिंता

मालवण, २ सप्टेंबर २०२४

ज्युड,

तुझं उत्तर आलं. त्याला पत्र म्हणायचं तर माझ्या चौथीच्या मुलांनी लिहिलेल्या पत्रांना ग्रंथ म्हणावं लागेल. वर "प्रिय" नाही, खाली "तुझा" नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कामापुरतं. तरी मॅन्युएलने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "चेडो हुशार झालो."

तू सांगितलंस तसं केलं. पहिलं, बाटलीवरचं साल बघायचं आणि अगदी अलीकडचं असेल तेच घ्यायचं, कारण तुमची ती वाईन मुरवायची नव्हे, ताजी प्यायची. मला हे आवडलं. बांगडा आणि वाईन एकाच नियमाने घ्यायची. दुसरं, जाड काचेला आणि सोनेरी बिल्ल्यांना भुलायचं नाही. तिसरं, दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली फुकट दिली तरी घ्यायची नाही. आणि गावातले सगळे मळेवाले मिळून जी एक बाटली भरतात, ती साधी दिसली तरी बहुधा पैसे वसूल करते. नाव "हिरवी वाईन" आणि रंग पांढरा, हे मात्र मला कळलं नव्हतं. कोवळी म्हणून हिरवी, हे तू एका ओळीत लिहिलंस. मास्तरणीचा भाऊ आहेस खरा.

मी व्यापाऱ्याकडून चार बाटल्या मागवल्या आणि रीतसर परीक्षा घेतली. चारही वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर आकडे घातले, म्हणजे कुठली महाग ते कुणाला दिसणार नाही. परीक्षक मॅन्युएल, फादर, लवू आणि मी. यशोदाने तिसऱ्या, सुरमईची तुकडी आणि तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं केलं.

सगळ्यांत जड बाटली, बिल्ल्यांची, मी मनात पहिली आणून ठेवलेली, ती नापास. साल जुनं होतं, चव म्हणजे उघडी राहिलेली सोड्याची बाटली. पास झाली ती तू खूण करून पाठवलेली लोरेरु द्राक्षाची. जिभेवर किंचित चुरचुरते, वास तमालपत्राच्या ओल्या फांदीसारखा, आणि मागे समुद्राच्या हवेसारखं खारट काहीतरी राहतं. तिखल्याशी भांडत नाही. लवूने दुसरा पेला मागितला आणि म्हणाला, "ह्या बरा आसा, पण माडी ती माडीच." फादरांनी तिसरा मागितला, ते मी लिहीत नाही.

आल्वारिन्यु नावाची होती तीही छान, पण महाग. ती फक्त विचारणाऱ्यासाठी ठेवायची असं ठरलं.

आता पुढचा प्रश्न. दिवाळीनंतर गर्दी सुरू होते. व्यापारी म्हणतो, सगळ्या हंगामाचा माल एकदम उचला, मग मिळणार नाही. पण इथे लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि आमच्या एका फ्रीजमध्ये मासळी ठेवायची की पोर्तुगाल? तुम्ही लोक कसं साठवता, तेवढं कळव.

आणि पुढच्या वेळी वर "प्रिय" लिहायला शाई कमी पडत असेल तर सांग, पाठवून देते.

जेसिंता

मालवण, १० ऑक्टोबर २०२४

ज्युड,

या वेळी तू "प्रिय बाय" लिहिलंस, लहानपणी हाक मारायचास तसं.

मी पत्र घेऊन न्हाणीघरात गेले, कारण मॅन्युएलसमोर रडायची मला सवय नाही. एवढंच लिहिते, जास्त चढून बसू नकोस.

आईच्या आजारपणाबद्दल तू विचारलंस. शेवटचे दिवस त्रास नव्हता. तुझं नाव घ्यायची, पण रागाने नाही. राग माझा होता, तिचा नव्हे. पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

तू तळघराचं लिहिलंस ते मॅन्युएलला मी मोठ्याने वाचून दाखवलं. डोंगराच्या पोटात कोरलेली खोली, उन्हाळा-हिवाळा एकच गारवा, अंधार, हालचाल नाही, आणि बुचाच्या बाटल्या आडव्या, म्हणजे बूच ओलं राहतं. आणि खाली ती एक ओळ, की सध्या द्राक्षं आंबताहेत, या दिवसांत मेणबत्ती हातात घेतल्याशिवाय तुमच्यातला कुणी तळघराची पायरी उतरत नाही.

ही ओळ वाचून मला किती बरं वाटलं ते तुला कळायचं नाही. मला वाटलं होतं, तिकडे जाऊन तू देवळाचं तोंड विसरला असशील. आणि तुम्ही कामाला उतरतानासुद्धा मेणबत्ती लावता. आपला बाप होडी लोटण्याआधी क्रुसाशी लावायचा तशीच. कुठल्या संताची, ते तू लिहिलं नाहीस. सांत आंतोनची असणार, तो तुमच्याकडचाच ना?

आता ऐक. तुझं तळघर ऐकल्यापासून मॅन्युएलच्या डोक्यात किडा शिरलाय. म्हणतो, "आपल्याकडेय आसा तसली जागा. वयल्या भाटातली बाव."

तुला ती विहीर आठवत असेल. चिऱ्यात खोदलेली, आत उतरायला बाजूने पायठणी आहेत. बोअर मारल्यापासून ती कोरडी पडली. त्याआधीच बापाने तिच्यावर चिरे टाकून ती बंद केली होती, पेद्रूकाका गेला तेव्हा. तू लहान होतास. गाळ काढायला उतरला, एक हाक नाही की काही नाही, आणि वर आला तो दोराने बांधून. अंगावर ओरखडा नव्हता. सगळ्यांनी म्हटलं, विहिरीच्या राखणदाराने धरला, त्याचा मान दिला नव्हता. बापाने आत झावळा, पालापाचोळा टाकला, वर चिरे रचले आणि तिथे खेळायला गेलो तर वेताने मारायचा.

मी म्हटलं, मॅन्युएल, दुसरी जागा बघ. तर म्हणतो, "भियातंस कित्याक गो? मास्तरीण तू." मास्तरीण म्हटलं की माझं तोंड बंद होतं, हे त्याला लग्नापासून माहीत आहे. शिवाय राखणदार, देवचार यांना मी काही मानत नाही. पेद्रूकाकाचं हृदय कमजोर असणार. त्या काळी कोण तपासत होतं.

माल दिवाळीनंतर येईल. तोवर विहीर उघडून बघू असं ठरलंय.

तू फोन करशील असं फादर म्हणतात. पहिल्या वेळी न उचलण्याचं मी अजून मागे घेतलेलं नाही, लक्षात ठेव.

तुझी बाय

मालवण, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय ज्युड,

तुझं पत्र यायच्या आधीच दुसरं लिहिते आहे, म्हणजे बघ माझी काय अवस्था झाली आहे. पण इथे जे चाललंय ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि मॅन्युएलला सांगून उपयोग नाही.

विहीर उघडली. लवू आणि मॅन्युएलने पहारीने चिरे सरकवले. मी वाकून बघितलं. आत काळोख, तळाशी पाणी नाही, बापाने टाकलेल्या झावळांचा कुजून काळा लगदा झालेला. वास फारसा नाही, पण ओलसर, तोंड बंद राहिलेल्या रांजणासारखा. एक गोष्ट लवूच्या ध्यानात आली. एवढी ओल असून आत एक बेडूक नाही, डास नाहीत, कोळ्याचं जाळंसुद्धा वरच्या चार हातांतच. मॅन्युएल म्हणाला बरं झालं, बाटल्यांना कीड लागणार नाही.

मग त्याने टोपलीत तुझी लोरेरु घालून दोराने तळापर्यंत सोडली आणि दुपारची वर काढली. बाटली ओल्या मडक्यासारखी गार. पडवीत बसून आम्ही ती उघडली. खरं सांगते, फ्रीजमधल्यापेक्षा चांगली लागली. मॅन्युएल लहान पोरासारखा खूश होता. "पोर्तुगालाक तळघर, माका बाव," असं दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ज्युडकडे रीत आहे, मेणबत्ती लावून उतरतात, तर आपणही लावू. सांत आंतोनची मेणबत्ती डब्यात उभी करून लवूने दोराला बांधून खाली सोडली. अर्ध्यावर जाऊन ती विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा तिथेच विझली. तिसऱ्यांदा मी स्वतः वात कापून, नवी पेटवून दिली. ती तर विझताना फडफडलीसुद्धा नाही. कुणी दोन बोटांत चिमटावी तशी गेली.

लवूचं तोंड उतरलं. "बायनू, तो राखणदार फुकता हा," म्हणाला. यशोदा तर तेव्हापासून त्या बाजूची लाकडंही आणायला जात नाही. मला भीती वाटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण पोरांना धडे दिलेलं डोकं, म्हणून विचार केला. वाऱ्याशिवाय ज्योत कशी विझेल? म्हणजे खालून कुठल्यातरी फटीतून वारा येत असणार. म्हणजे आत हवा खेळती आहे. हे मी मॅन्युएलला सांगितलं आणि तो म्हणाला, "बघ, मास्तरीण बोलली." तेवढ्यापुरतं माझं मलाही बरं वाटलं.

लवूला मात्र ते पटेना. तो म्हणाला, मान दिल्याशिवाय मी दोराला हात लावणार नाही. मॅन्युएल म्हणाला, मग देऊन टाकू, त्यात काय आपलं जातं. तर परवा विहिरीच्या काठावर रोट ठेवला, विडी ठेवली. फेणी द्यायची ती संपली होती, म्हणून मॅन्युएलने लोरेरुचा पेला भरून ठेवला. "त्याकाय कळांदे मासळीवांगडा काय पियाचा ता," म्हणाला. लवूने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, जी काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल म्हाराजा, ह्या घरच्या माणसाक हात लावू नको म्हाराजा." आम्ही दोघं क्रिस्तांव, पण प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. फादरांना कळलं तर माझी बायबलची शिकवणी बंद होईल.

मग काठावर, नारळाच्या करवंटीच्या आडोशाला मी पुन्हा मेणबत्ती लावली. या वेळी ती शेवटपर्यंत जळली. लवू म्हणाला, होकार मिळाला. मॅन्युएलने माझ्याकडे असं बघितलं की मलाही हसू आलं.

आता पुढचं. सगळा माल गेल्या आठवड्यात आला. लवूने खोकी दोराने एकेक करून तळाशी सोडली आहेत. पण खोक्यांत बाटल्या उभ्या आहेत आणि तू आडव्या ठेवायला सांगितल्या आहेस. मॅन्युएल तुझ्या शब्दाच्या बाहेर जाणार नाही. तळाशी लाकडी मांडणी करून एकेक बाटली स्वतः आडवी लावणार म्हणतो. फळ्या कापून तयार आहेत. महिनाअखेरचा शनिवार ठरलाय, तीस तारीख. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याची मोठी मंडळी उतरणार आहेत, तोवर सगळं मांडून व्हायला हवं. सकाळचं न्याहारीचं आवरलं की तो पायठणींवरून उतरेल, लवू वरून फळ्या सोडेल.

मला आतून बरं वाटत नाही, ज्युड. का ते सांगता येत नाही. काल स्वप्नात पेद्रूकाका दिसला, ओटीवर बसून पेज जेवत होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी शहाणी बाई आहे, असल्या गोष्टी लिहायला लाज वाटते. मॅन्युएलला सांगितलं तर चेष्टा करील. म्हणून तुला लिहिते.

तुम्ही तळघरात उतरताना मेणबत्ती कुठे धरता? छातीशी, डोक्यावर, की पायाशी? आणि प्रार्थना कुठली म्हणता? तेवढं शनिवारच्या आत कळलं तर तसंच करू, म्हणजे माझ्या जिवाला शांती. पत्र स्पीड पोस्टाने टाकते आहे. उत्तर पत्राने पोचणार नाही, हे मलाही कळतं. नंबर पुन्हा खाली देते.

तुझी बाय

मालवण, ८ डिसेंबर २०२४

प्रिय ज्युड,

काल सातव्या दिवसाचं मिस्स झालं. आज घर रिकामं आहे. यशोदा मला पेज प्यायला लावून आत्ताच गेली. फोनवर तू आणि मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. तुला सगळं कळायला हवं. आणि एक गोष्ट मी फोनवर सांगितली नाही.

शनिवारी सकाळी मॅन्युएलने भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाल्ली. जुनी पँट घातली. माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाला, "जेसू गो, जेवणाक येतंय. सोलकढी जरा जास्त कर." मी काठावर मेणबत्ती लावली. काठावर. ती छान जळत होती.

तो उतरायला लागला. दहाएक पायठणी तो बोलत होता, चिरे अजून कसे घट्ट आहेत, आपल्या बापाने काय विहीर बांधली. मग म्हणाला की डोकं जड झालं, सकाळी चहा कमी प्यायलो वाटतं. मी म्हटलं, वर ये आणि पिऊन जा. तर म्हणाला, "आता पोचलंयच गो." फोन पडवीत होता. तो आधीच एकदा वाजून गेला होता. हे तुला माहीत आहे, तूच केला होतास.

तळाशी पोचल्यावर त्याने एक खोकं उघडलं. काच वाजल्याचा आवाज आला. मग तो खाली बसला, असं लवूला बॅटरीच्या उजेडात दिसलं. मांडी घालून, बाटली हातात. लवूने हाक मारली. मी हाक मारली. त्याने मान वर केली नाही.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी पडवीत धावले ती कुणाला तरी बोलवायला म्हणून, आणि तो उचलला. तू "बाय" म्हणून ओरडलास. इतक्या वर्षांनी तुझा आवाज, आणि तो असा. तू म्हणालास, बाटल्या भरायच्या रात्रपाळीवरून आत्ता घरी आलो, दारात पत्र पडलं होतं, मॅन्युएलला उतरू देऊ नकोस, मेणबत्ती संताची नाही, हवेची आहे, ती विझली की माणूस मरतो. मी म्हटलं, तो खाली आहे. तू म्हणालास, मग दुसऱ्या कुणाला सोडू नकोस, बाय, कुणालाही सोडू नकोस.

मी परत आले तेव्हा लवूने एक पाय आत टाकला होता. मी त्याला कमरेला मिठी मारून मागे ओढलं. तो मला शिव्या देत होता, रडत होता, "दादा घुसमटतत थंय, सोड माका," म्हणत होता. मी सोडलं नाही. मी म्हातारी बाई, तो रापणीचं जाळं ओढणारा माणूस, पण सोडलं नाही. लवू जिवंत आहे तो तुझ्यामुळे. यशोदाने तुला हे कळवायला सांगितलं आहे. ती म्हणाली, "ज्युडबाबाक सांगा, माझो घोव तुमी परत दिलात."

अग्निशमन दलाची माणसं आली, त्यांनी तोंडाला नळ्या लावून मॅन्युएलला वर काढलं. अंगावर ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणाले की बंद विहिरीत पाला कुजतो तेव्हा तो आतली चांगली हवा खाऊन टाकतो, जड वायू तळाशी साचतो, त्याला वास नसतो. म्हणाले, मेणबत्ती सोडून बघायची असते. मी म्हटलं, बघितली होती.

पेद्रूकाकालाही कुणी धरलं नव्हतं. एवढी वर्षं आम्ही त्या विहिरीला घाबरलो ते बरोबर होतं, ज्युड, पण ज्याला घाबरलो तो चुकीचा होता. आणि मी, जी कुणालाच मानत नव्हते, तिने त्याला खेळती हवा म्हटलं. हे मला कुणी सांगितलं नाही, मीच म्हटलं, आणि माझ्या नवऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

तू फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होतास की ती ओळ तू नीट लिहायला हवी होतीस. नाही. तू लिहिलंस ते पुरेसं होतं. तिकडे शेंबड्या पोराला कळतं ते, तुला वाटलं बायला कळेल. मला मेणबत्ती दिसली आणि देव दिसला. तुझा दोष काढायची मला आता ताकद नाही आणि हक्कही नाही.

कोल्हापूरचा व्यापारी भेटायला आला होता. भला माणूस. बसला, पाणी प्यायला, डोळे पुसले. मग न राहवून म्हणाला, बाई, एका हंगामात संपणाऱ्या बाटल्या त्या, उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. त्याला वाटलं असेल, माल वाया जाईल याची मला काळजी आहे. मी मान हलवली. पुण्याची मंडळी दुसऱ्या दिवशी दारातूनच परत गेली. लवूने आणि गावच्या माणसांनी चिरे पुन्हा लावले. बाटल्या खालीच आहेत. गार असतील. मॅन्युएलच्या हातात होती तेवढी एक वर आली, ती त्याने आडवी धरली होती.

आता ती गोष्ट.

तुझा पहिला फोन वाजला तेव्हा मॅन्युएल तिसऱ्या-चौथ्या पायठणीवर होता. काठावरून डोकं दिसत होतं. मी फोन बघायला पडवीत गेले होते. परदेशचा नंबर होता. मला कळलं, तूच. मला खूप आनंद झाला. आणि मी फोन परत पाटावर ठेवला. म्हटलं, वाजू दे. पहिल्या वेळी उचलणार नाही म्हणाले होते ना, कळू दे त्याला. दुसऱ्यांदा करील तेव्हा उचलते. मी हसत होते, ज्युड. हसत हसत विहिरीकडे परत आले आणि मॅन्युएलला सांगणार होते की चेड्याचा फोन आलाय, पण म्हटलं वर आल्यावर सांगू, सोलकढी पिताना.

तुला लाईन लागेना, लागली तेव्हा तू पुन्हा केलास. मधे जेवढा वेळ गेला तेवढाच मॅन्युएलला वाचवायला होता.

हे मी फादरांना सांगितलेलं नाही. तुलाच सांगते. तू पुन्हा नंबर बदललास तर मी समजून घेईन. पण बदलू नकोस. फोन आता माझ्या पदराला आहे, झोपताना उशाशी असतो. कधीही कर. पहिल्या घंटेला उचलीन.

तुझी बाय